ओखल्यास आलेला आग्रा बाजार

दिल्लीच्या दक्षिणेस ओखला नावाचे जे जुने गाव आहे, तेथे इंग्रजी अमदानीत यमुनेवर बंधारा घालण्यात आला, आणि १८७४ पासून त्या बंधाऱ्याशी निघणाऱ्या कालव्याने नदीचे पाणी आग्र्याच्या मुलखाकडे वाहू लागले. त्या कालव्याचे नावच आग्रा कालवा. पुढे ऐंशी वर्षांनी, १४ मार्च १९५४ रोजी, त्याच ओखल्याच्या शिवारात वसलेल्या जामिया मिल्लिया इस्लामिया या शिक्षणसंस्थेच्या उघड्या रंगमंचावर आग्र्याचा बाजार उलट दिशेने चालत आला; काकडीवाला, लाडूवाला, कलिंगडवाला, पतंगवाला, पुस्तकविक्या, माकडाचा खेळ करणारा मदारी आणि गात फिरणारे फकीर असा सगळा लवाजमा घेऊन आला. ‘आग्रा बाजार’ हे ते नाटक आणि हबीब तन्वीर हे त्याचे कर्ते. स्वातंत्र्यानंतरच्या दिल्लीने स्वतःच्या मातीत, स्वतःच्या माणसांकडून जी संगीत नाटके उभी केली, त्यांत या नाटकाचे स्थान माझ्या मते सर्वांत वरचे आहे. आणि मराठी वाचकापुढे त्याची हकीकत मांडावीशी वाटते ती एवढ्यासाठी की, नव्या संगीत नाटकाकडे प्रेक्षक कोणती अपेक्षा घेऊन जातो आणि ती अपेक्षा कशाने तृप्त होते, या आपल्या घरच्या प्रश्नावर तिचा फार वेगळा प्रकाश पडतो.

नव्या संगीत नाटकाची वाट पाहणे म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक लावले, तेव्हा जमलेल्या मंडळींना दुष्यंत-शकुंतलेची कथा ठाऊक होती, कालिदास अनेकांना पाठ होता, आणि ज्या साक्या, दिंड्या, कामदा व लावणीच्या चाली अण्णासाहेबांनी योजिल्या होत्या, त्याही कीर्तनातून व फडातून त्यांच्या कानांत कधीच्या मुरलेल्या होत्या. नवे होते ते एवढेच की, विष्णुदास भाव्यांच्या वेळेपासून सूत्रधार सर्वांच्या वतीने गात आला होता, आणि येथे शकुंतला आपले दुःख आपल्याच गळ्याने गाऊ लागली. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्या प्रयोगासाठी शंभर रुपयांपर्यंतची तिकिटे घेऊन लोक लोटले. परंतु ते नाटक तर १९११ पासून रंगभूमीवर होते, त्याची पदे घरोघरी म्हटली जात होती आणि खाडिलकरांचे संवाद ज्यांना मुखोद्गत होते असेही त्या गर्दीत असले पाहिजेत. तात्पर्य, मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सर्वांत मोठी उत्कंठा एका जुन्या नाटकाविषयी होती. लोक अपरिचिताची वाट पाहत नव्हते. परिचित पद अपूर्व योगाने पुन्हा कसे उमटते, याची वाट पाहत होते. नाट्यगृहाच्या दाराशी विकत मिळणारी पद्यावली पडदा वर जाण्यापूर्वीच वाचून काढणारा आणि मनातल्या मनात चाल लावून पाहणारा आपला जुना रसिक हा या उत्कंठेचा खरा प्रतिनिधी होय.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या गाण्याची हा रसिक वाट पाहत असे, त्या गाण्याचे एक मूळ दिल्लीतच आहे. १७१९ ते १७४८ या काळात दिल्लीच्या तख्तावर असलेल्या महंमदशाहाच्या दरबारी नियामतखान ऊर्फ सदारंग यांनी ख्यालगायनास जे वैभव दिले, तेच पुढे ग्वाल्हेर, आग्रा आदी घराण्यांतून वाढत गेले. आणि नथ्थनखाँ, फैजमहंमदखाँ व अल्लादियाखाँ यांच्यासारख्या गुरूंजवळ विद्या घेतलेल्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये ‘स्वयंवरा’स चाली दिल्या, तेव्हा ती दरबारी विद्या रुक्मिणीच्या मुखाने मराठी मध्यमवर्गाच्या मालकीची झाली. पेशव्यांच्या हिंगणे वकिलांच्या दप्तरांतून दिल्लीची राजकारणे पुण्यास कळत होती त्याच शतकात दिल्लीचे ख्यालही दक्षिणेची वाट चालू लागले होते. राजकारणे संपली, ख्याल मात्र आजही आपल्या माजघरांतून नांदत आहेत.

मग खुद्द दिल्लीत नव्या संगीत नाटकाची वाट पाहण्याची रीत नव्हती काय? होती, आणि ती दोन परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी होती. शहरात पारशी कंपन्या उतरत. नारायणप्रसाद ‘बेताब’ यांचे ‘महाभारत’ १९१३ च्या जानेवारीत प्रथम रंगभूमीवर आले ते दिल्लीतच, आणि पुराणातील कथा उर्दूमिश्रित हिंदीत, गाण्यांनी व यांत्रिक चमत्कारांनी नटवून पाहण्यास तेथे प्रेक्षक होता. शहराबाहेर, आज ज्यास आपण राजधानी परिसर म्हणतो त्या सोनीपत-रोहतकच्या खेड्यांतून, सांग नावाचा प्रकार होता: उघड्या जागेत लाकडी तख्त, भोवती चहूबाजूंनी बसलेला गाव, स्त्रीवेषातील पुरुष, आणि रागिणी म्हणून ओळखली जाणारी गीते. जांटी कलाँ गावचे पंडित लखमीचंद (१९०३–१९४५) हे या कलेतील मोठे नाव. नळ-दमयंती, हरिश्चंद्र, मीराबाई अशी त्यांच्या सांगांची आख्याने ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असत. रागिणी मात्र लखमीचंदांची असे, आणि आजही हरयाणवी माणूस ती त्यांच्याच नावाने ओळखतो. कथा सर्वांची व गाणे एकाचे, ही आपल्या ‘शाकुंतला’चीच तऱ्हा झाली.

परंतु या दोन्ही परंपरांचा नव्या दिल्लीशी संबंध तुटत गेला. बोलपटाने पारशी कंपन्यांचा प्रेक्षक नेला, आणि फाळणीने शहराचा प्रेक्षकच पालटला. १९४१ च्या खानेसुमारीत दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर होती, ती १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या जवळ पोचली; त्यातील अगणित माणसे लाहोर, रावळपिंडी, मुलतान येथून निर्वासित होऊन आलेली, तर उर्दूचा आणि मुशायऱ्यांचा जुना रसिक असलेली किती तरी कुटुंबे सीमेपलीकडे गेलेली. एकमेकांची गाणी ठाऊक नसलेल्या माणसांचे शहर नव्या संगीत नाटकाची वाट कशाच्या आधारावर पाहणार? त्या काळच्या दिल्लीत नाटक म्हणजे बहुतांशी महाविद्यालयांतील व हौशी मंडळांतील इंग्रजी नाटक, किंवा त्याचे भाषांतर. आणि त्याचा प्रेक्षक मूठभर इंग्रजी शिकलेल्यांचा.

अशा शहरी १९५४ मध्ये हबीब तन्वीर आले. जन्म रायपूरचा, १९२३ चा. पदवीचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. पुढे मुंबईत आकाशवाणी आणि ‘इप्टा’ या जननाट्य चळवळीत काही वर्षे. जामियातील अतहर परवेझ या स्नेह्यांनी त्यांना नझीर अकबराबादी या आग्र्याच्या कवीच्या स्मरणार्थ काही कार्यक्रम करावा असे सुचविले, आणि त्या सूचनेतून हे नाटक जन्मास आले.

नझीर कोण होते, हे सांगितल्यावाचून या योजनेतील धाडस कळावयाचे नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मून १८३० मध्ये निवर्तलेला हा कवी आग्र्यात मुलांना शिकवून पोट भरीत असे आणि होळी, दिवाळी, ईद, जत्रा, पतंग, पोहणे, अस्वलाचे पिल्लू, काकडी, तिळाचे लाडू, रोटी, पैसा अशा विषयांवर कविता करीत असे. आणि फकीर व फेरीवाले त्या कविता गात असत. आपल्याकडे ज्यास शाहिराचे कवन म्हणतात, त्याच्या फार जवळ जाणारी ही रचना. याच कारणासाठी जाणत्यांनी त्यांना पंक्तीबाहेर बसविले. दिल्लीचे अमीर व मर्मज्ञ नवाब मुस्तफाखान शेफ्ता यांनी आपल्या कविचरित्रसंग्रहात असा अभिप्राय दिला की, ज्याची कविता बाजारी लोकांच्या तोंडी आहे, त्याची गणना कवींत करता येत नाही. दिल्लीच्या दिवाणखान्याने दिलेला हा निवाडा शतकाहून अधिक काळ बहुतेकांनी मान्य केला होता. आणि तन्वीर त्याच दिल्लीच्या वेशीवर तोच बाजार मांडून बसणार होते.

नाटकाचे कथानक म्हणावे तर इतकेच: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे आग्रा, बाजारात मंदी, गिऱ्हाईक फिरकत नाही. एका काकडीवाल्याच्या मनात येते की, आपल्या काकडीवर कोणी कवन करून दिले, तर ते गात फिरल्याने माल खपेल. तो पुस्तकाच्या दुकानी बसलेल्या शायरांना विनवितो, तेथे त्याची बोळवण होते. तो इकडे जातो, तिकडे जातो. बाजारात भांडण होते, दारोगा येतो, बेनझीर नावाच्या गणिकेच्या कोठ्यावर वर्दळ चालू असते. आणि अखेर नझीरकडून त्यास काकडीवरचे कवन मिळते, तो ते गाऊ लागतो आणि काकडी विकली जाते. ते पाहून लाडूवाला व कलिंगडवालाही तोच मार्ग धरतात. रंगमंचाच्या एका अंगास पुस्तकांचे दुकान, जेथे प्रतिष्ठित मंडळी काव्याची चर्चा करतात आणि नझीरचे नाव निघताच नाक मुरडतात. दुसऱ्या अंगास पतंगाचे दुकान, जेथे नझीरची वाक्ये सहज बोलण्यात येतात. या दोन दुकानांमधून बाजार वाहतो.

ही मंदी कोठून आली, हे मराठी वाचकास सांगताना माझी लेखणी क्षणभर थांबते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत इंग्रज सेनापती लेकच्या फौजेने शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव करून दिल्ली घेतली, आणि पुढच्याच महिन्यात आग्र्याचा किल्ला पडला. म्हणजे रंगमंचावरील ज्या बाजारात काकडीला गिऱ्हाईक नाही, त्या बाजारावरून मराठ्यांचा अंमल नुकताच उठलेला आहे आणि कंपनी सरकारची घडी अजून बसावयाची आहे. पटपडगंज आज पूर्व दिल्लीतील एक गजबजलेली वस्ती आहे. तेथून ओखला यमुनेच्या पात्राने फार दूर नाही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत १८०३ चे प्रकरण तहाच्या कलमांनी संपते. त्या तहानंतर आग्र्याच्या फेरीवाल्याच्या टोपलीचे काय झाले, हे मला या नाटकाने प्रथम विचारावयास लावले.

या नाटकात तन्वीरांनी अपेक्षेचा जो प्रयोग केला, तो मला अलौकिक वाटतो. ज्या कवीच्या नावाने हा सारा खटाटोप, तो नझीर रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याची वाट काकडीवाला पाहतो, त्याची निंदा शायर करतात, त्याचे शब्द फकीर गातात. तो आता येईल, आता येईल म्हणून प्रेक्षकही पाहत राहतो, आणि नाटक संपते. एखाद्या प्रतिभाहीन लेखकाने त्यास पांढरी दाढी लावून शेवटच्या अंकात आणून उभा केला असता आणि त्याच्याकडून दोन भाषणे करविली असती. येथे कवी अदृश्य राहून त्याचे काव्य तेवढे माणसामाणसांतून फिरते, आणि ‘आदमीनामा’ या त्याच्या कवितेच्या सामुदायिक गायनाने जेव्हा समाप्ती होते, तेव्हा ज्याची वाट पाहिली तो तर केव्हाच येऊन गेला, असे प्रेक्षकास उमगते.

आणि नट तरी कोण, प्रेक्षक तरी कोण? जामियाचे विद्यार्थी व अध्यापक हे नट होते, तसेच ओखला गावचे रहिवासीही होते. ज्यांनी आयुष्यात नाटक म्हणून काही केले नव्हते, परंतु जे बाजारात बसणे, भाव करणे, हाक मारणे, भांडणे हे सर्व जन्मापासून जाणत होते, अशी माणसे तन्वीरांनी रंगमंचावर आणली. नटमंडळी एका बाजूस आणि रसिक दुसऱ्या बाजूस ही जी मांडणी आपणांस स्वाभाविक वाटते, ती त्या दिवशी निम्मी मोडली, कारण जो समोर बसला होता त्याचा शेजारी वर लाडू विकीत होता. ज्या शहरात संगीत नाटकाचा ओळखीचा प्रेक्षकच उरला नव्हता, तेथे नाटककाराने प्रथम प्रेक्षकाला नाटकात घेतले. सांगाच्या तख्ताभोवती बसणारा गाव आणि उर्दू काव्याचा दरबारी मानकरी हे दोघे, माझ्या समजुतीप्रमाणे, प्रथम येथे एका बैठकीवर आले. तो पहिला प्रयोग आकाराने आटोपशीर होता. पुढे नाटक वाढत गेले, त्यात माणसे व गाणी भरत गेली, आणि दशकानुदशके त्याचे प्रयोग होत राहिले.

त्याच १९५४ च्या उत्तरार्धात दिल्लीत मराठी माणसांचाही एक मोठा मेळा भरला. काकासाहेब गाडगिळांच्या स्वागताध्यक्षतेखाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ३७ वे अधिवेशन राजधानीत झाले, व त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते, दादासाहेब मावळंकर लोकसभेचे सभापती होते. आणि त्यांच्या खालोखाल सचिवालयांतून, टपाल व रेल्वेच्या कचेऱ्यांतून बदलीने आलेला मराठी कारकून-अधिकारी वर्ग पहाडगंज, करोलबाग, लोदी कॉलनी अशा वस्त्यांतून पसरलेला होता. या वर्गाची संगीत नाटकाची भूक कशी भागत असे? मुंबई-पुण्याचे नवे नाटक दिल्लीस येणे हा योग दुर्मीळ. म्हणून पहाडगंजच्या मराठी समाजात गणेशोत्सव आला की पेटी-तबल्याच्या साथीला नाट्यपदांची मैफल बसे, आणि कचेरीतून थेट आलेले गृहस्थ, गळ्याशी बटण लावलेला कोट तसाच अंगावर ठेवून, ‘स्वयंवर’ व ‘मानापमाना’तील पदांच्या फर्माइशी करीत. महंमदशाहाच्या शहरात जन्मलेले गाणे दोनशे वर्षांनी, ग्वाल्हेर, मिरज, पुणे, मुंबई असा फेरा करून, सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या माणसांच्या कंठातून त्याच शहरी परत आले होते, आणि ते दिल्लीचे आहे हे गाणाऱ्यासही आठवत नसे. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीने बालगंधर्वांस पुरस्कार देऊन गौरविले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नावात ‘संगीत’ व ‘नाटक’ हे शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, त्याचा याहून समर्पक अर्थ कोणता?

१९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ हे संगीत नाटक, वसंत देसाई यांच्या चालींनी नटून, ललितकलादर्शाने मुंबईत रंगभूमीवर आणले. त्याचे स्थळ शाहजहानचा दरबार, नायक संस्कृत कवी. गोखल्यांनी दिल्लीचा दरबार मुंबईत उभा केला आणि तन्वीरांनी आग्र्याचा बाजार दिल्लीत. एकाने राजमान्य पंडिताचे प्रेम गायिले आणि दुसऱ्याने राजमान्यता न लाभलेल्या शिक्षकाची काकडी. या दोन नाटकांचे प्रेक्षक एकमेकांस बहुधा कधी भेटले नाहीत, ही मला मोठीच हानी वाटते, कारण दोघांनाही सांगण्यासारखे पुष्कळ होते.

पुढची हकीकत थोडक्यात आटोपती घेतली तरी चालेल. १९५७ मध्ये शीला भाटिया यांनी दिल्ली आर्ट थिएटरतर्फे ‘हीर-रांझा’ ही पंजाबी संगीतिका आणली, आणि वारिसशाहाची हीर ज्यांच्या घरी म्हटली जात होती, पण घरच ज्यांचे रावीपलीकडे राहिले, अशा निर्वासितांना ओळखीचे गाणे पुन्हा सामुदायिकपणे ऐकता आले. भारतीय कला केंद्राची नृत्यनाट्य-रामलीला त्याच सुमारास सुरू झाली आणि दर शरदात भरत राहिली. तन्वीर युरोपातून १९५८ मध्ये परतले, त्यांनी छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्याचे कलावंत दिल्लीस आणून ‘मिट्टी की गाडी’ केले, १९५९ मध्ये नया थिएटर स्थापिले, आणि १९७५ च्या ‘चरणदास चोरा’ने तर पुढे एडिंबरोपर्यंत कीर्ती मिळविली. २०१० मध्ये गुडगावच्या लेझर व्हॅलीत ‘किंग्डम ऑफ ड्रीम्स’ उभे राहिले आणि ‘झंगूरा’ हे प्रचंड खर्चाचे संगीत नाटक तेथे लागले. त्यात लोकप्रिय चित्रपटगीतेच गुंफलेली होती, आणि आलेला प्रेक्षक त्या गीतांच्या पहिल्या सुरांबरोबर टाळ्या देत असे. १९२१ च्या मुंबईतील शंभर रुपयांच्या तिकीटवाल्याशी त्याचे नाते मला स्पष्ट दिसते. फरक हा की, ‘मानापमाना’चे गाणे गळ्यातून येत होते. ‘किंग्डम ऑफ ड्रीम्स’चा तो महाल २०२२ मध्ये बंद झाला. २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये फिरोज अब्बास खान यांचे ‘मुघल-ए-आझम’ आले, त्यात नट प्रत्यक्ष गात होते, आणि जुन्या चित्रपटातील पदे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासासह ऐकताना दिल्लीकर भारावले ते उगीच नव्हे.

‘आग्रा बाजार’ मी फार उशिरा पाहिले, नया थिएटरच्या छत्तीसगढी नटांकडून. शेजारच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. काकडीवाला टोपली घेऊन पहिल्यांदा आला, तेव्हाच ते ताठ बसले. तो शायरांच्या दुकानातून विन्मुख परतला तेव्हा त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच सांगितले की, थांब, त्यास मिळणार आहे. मध्ये भांडणे झाली, दारोगा येऊन गेला, मदारीच्या खेळाला पोरे हसली. त्यांचे लक्ष मात्र टोपलीवर. आणि कागद हाती धरून काकडीवाला धावत रंगमंचावर आला, त्याने सूर लावण्यासाठी श्वास घेतला, त्याच क्षणी त्या गृहस्थांचे ओठ हलू लागले, आवाज न करता, त्याच्या आधी अर्धी मात्रा.